२४ मार्चचे दोन माहितीपट आणि पनवेलचा न बनलेला तिसरा

ईद झाली, पाहुणे येऊन गेले, शीरखुर्म्याची भांडी अजून घासायची होती. तेवढ्यात सहावीत शिकणाऱ्या आमच्या घरातल्या मुलीने विचारलं, "मर्कज म्हणजे काय?" वर्गात कुणीतरी मस्करीत म्हणालं होतं की कोरोना तुमच्याच लोकांनी पसरवला. "मग तू काय म्हणालीस?" आम्ही विचारलं. ती म्हणाली, "काहीच नाही. मला माहीतच नव्हतं काय बोलायचं."

टाळेबंदी लागली तेव्हा ही मुलगी बालवाडीत होती. तिला आठवतात ते बंद दरवाजे, घरात झालेली तरावीह आणि मास्क. बाकी जे काही तिला माहीत आहे ते इकडून तिकडून कानावर पडलेलं. आम्हाला वाटलं होतं, उत्तर देणं सोपं आहे. बोलायला बसलो तेव्हा कळलं की आमच्याकडेही आठवणी आहेत, राग आहे, पण नीट मांडलेली हकीकत नाही.

म्हणून आधी आम्ही मोठ्यांनीच दोन माहितीपट पुन्हा पाहिले. महामारीच्या काळात सरकारने काय केलं आणि लोकांवर काय गुजरली, हे दोन्ही सांगतात. योगायोग म्हणा किंवा मुद्दाम निवडलेली तारीख म्हणा, दोन्ही २४ मार्चलाच लोकांसमोर आले, एक २०२१ साली आणि दुसरा २०२३ साली. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले होते आणि २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली होती. देशाला तयारीसाठी मिळाले होते चार तास.

एक रस्त्यावरचा, एक प्रयोगशाळेतला

पहिला माहितीपट विनोद कापरी यांचा '१२३२ केएमएस'. गाझियाबादहून बिहारमधल्या सहरसाकडे सायकलवरून निघालेल्या सात मजुरांचा हा प्रवास आहे. काम बंद, पैसे संपलेले, गावी जायला गाडी नाही. कॅमेरा सात दिवस त्यांच्याबरोबर राहतो. पोलिसांची भीती, उपाशी पोट, पंक्चर झालेली चाकं आणि मध्येच कुणा अनोळखी माणसाने दिलेलं जेवण. शेवटी आपल्या जिल्ह्यात पोहोचल्यावरही घर लगेच मिळत नाही, आधी विलगीकरण केंद्र.

दुसरा 'द व्हायल', हिस्ट्री टीव्ही १८ वर आलेला. निवेदन मनोज बाजपेयी यांचं आणि पंतप्रधान स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात. भारताने लस कशी बनवली, कशी पोहोचवली, त्याची ही गोष्ट. ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रात्रीचा दिवस केला. सीरम इन्स्टिट्यूटही पुण्याचीच. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोसांचा टप्पा पार पडला. ते डोस आपल्याच दंडात गेले आहेत. आशाताईंनी दारोदार फिरून याद्या केल्या. हे नाकारणं म्हणजे नाशुक्री होईल.

पण कुठलाही माहितीपट पाहताना एक साधी गोष्ट विचारावी लागते: कॅमेरा कुठे उभा आहे? 'द व्हायल'चा कॅमेरा निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. त्यामुळे यश दिसतं, पण २०२१ च्या उन्हाळ्यातला गोंधळ तितका दिसत नाही. आठवा तो मे महिना. १८ ते ४४ वयोगटासाठी राज्यांनी स्वतः लस विकत घ्यावी, असं केंद्राचं धोरण होतं. मोबाइलवर तासन् तास नोंदणीची खटपट चालायची आणि केंद्रावर गेलं की 'आज लस नाही' असा फलक. सर्वोच्च न्यायालयाने जूनच्या सुरुवातीला हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचं म्हटलं. त्यानंतर ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि २१ जूनपासून केंद्राने मोफत लस पुरवायला सुरुवात केली. चूक झाली, कोर्टाने बोट ठेवलं, सुधारणा झाली. लोकशाहीत यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखंही नाही.

'१२३२ केएमएस'चा कॅमेरा सायकलच्या मागे आहे. म्हणून घाम दिसतो, पण निर्णय कुणी आणि कशाच्या आधारावर घेतला, तिथपर्यंत तो फारसा जात नाही. तो त्याचा विषयही नाही. तरी त्याने एक मोठं काम केलं. ३१ मार्च २०२० ला केंद्राच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आलं होतं की त्या सकाळी ११ वाजेपर्यंत रस्त्यावर एकही स्थलांतरित मजूर नाही. हे सात जण त्याच्या जवळजवळ महिनाभर नंतर निघाले. सरकारी कागद एक बोलत होता आणि रस्ता दुसरंच.

कागद काय म्हणतो, रस्ता काय म्हणतो

आपल्या महाराष्ट्रातच बघा. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवरच पडले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो विसरणं शक्य नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं गेलं की घरी परतताना किती मजूर मेले. कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही.

२० जुलै २०२१ ला राज्यसभेत आणखी एक उत्तर आलं: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. बरं, राज्यं काही एकाच पक्षाची नव्हती. महाराष्ट्रात तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. म्हणजे न मोजण्याच्या बाबतीत सगळ्यांचंच एकमत झालं म्हणायचं!

एकूण मृत्यूंचंही तसंच. देशाचा अधिकृत आकडा साधारण ५ लाख ३० हजारांचा, त्यात महाराष्ट्राचे सुमारे १ लाख ४८ हजार, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. सरकारने ही पद्धतच चुकीची ठरवली. पद्धतीवर वाद होऊ शकतो. पण मे २०२५ मध्ये सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीची २०२१ ची आकडेवारी बाहेर आली. २०२० साली नोंदलेले मृत्यू होते सुमारे ८१ लाख, २०२१ साली झाले १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ. सगळेच कोरोनाने गेले असं कुणी म्हणणार नाही. काहींना दवाखाना मिळाला नसेल, काहींची नोंद आधी होत नसेल ती आता झाली असेल. तरीही हा फरक एवढा मोठा आहे की गप्प बसून तो मिटत नाही.

इतर देशांनी काय केलं? अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्येच, महामारी चालू असताना, ॲलेक्स गिब्नी आणि सहकाऱ्यांचा 'टोटली अंडर कंट्रोल' हा माहितीपट आला. अमेरिका आणि दक्षिण कोरिया या दोन्ही देशांत पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये एकाच दिवशी निश्चित झाला. मग दोघांची वाट वेगळी का झाली, हा त्या माहितीपटाचा प्रश्न. ब्रिटनने तर माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी बसवली आणि माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना शपथेवर उत्तरं द्यायला लावली. आपल्याकडे अशी राष्ट्रीय चौकशी झालेली नाही. चौकशी म्हणजे काही सूड नव्हे. पुढच्या वेळी चार तासांऐवजी चार दिवस द्यावेत का, हे कळण्यासाठी चौकशी लागते.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर

आता मर्कजकडे येऊ, कारण आमच्या मुलीला जे हवं होतं ते या दोन्ही माहितीपटांत आम्हाला मिळालं नाही.

मार्च २०२० च्या मध्यात दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजमध्ये तबलीगी जमातचे लोक जमले होते, त्यात परदेशी पाहुणेही होते. मार्चअखेर तिथे संसर्ग सापडला. आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत जमातशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जाऊ लागला. १८ एप्रिलला सांगितलं गेलं की १४,३७८ पैकी ४,२९१ रुग्ण, म्हणजे जवळपास ३० टक्के, याच संपर्कातले आहेत.

इथे थोडं थांबून हिशेब समजून घेऊ या. तेव्हा चाचण्या मोजक्याच होत्या. एका गटातल्या माणसांना शोधून शोधून तपासलं आणि बाकीच्यांना ताप आला तरी तपासलं नाही, तर रुग्ण कुठे जास्त दिसतील? ज्या विहिरीत बादली सोडली तिथलंच पाणी वर येणार. शोध घेणं चूक नव्हतं, ते गरजेचंच होतं. चूक होती ती हा आकडा रोज धर्माच्या नावाशी जोडून सांगण्यात. बाकीचं काम वाहिन्यांनी केलं. भाजीवाल्याचं नाव विचारून त्याला गल्लीतून हाकलल्याचे व्हिडिओ फिरले. १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर घरी जाण्यासाठी मजूर जमले. गर्दी मशिदीजवळ दिसली, एवढ्यावरून त्यालाही रंग देण्याचा प्रयत्न झाला.

मग कोर्टात काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या परदेशी लोकांना तसं निवडल्याची शक्यता दिसते, असं निकालात म्हटलं गेलं. माध्यमांनी केलेल्या प्रचारावरही ताशेरे होते. खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींना त्यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीच्या न्यायालयाने खटल्याला सामोऱ्या गेलेल्या ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. आणि १७ जुलै २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरची १६ आरोपपत्रं रद्द केली. हे लोक कोरोनाबाधित होते किंवा त्यांनी आजार पसरवला, असं आरोपपत्रांत कुठेच नव्हतं.

आरोप आठवडाभर रोज रात्री नऊ वाजता दाखवला गेला. निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली आणि ती बातमी किती वाहिन्यांनी नऊ वाजता दाखवली? म्हणूनच सहावीच्या वर्गात आरोप पोहोचतो, निकाल पोहोचत नाही.

दफनविधीचंही आठवत असेल. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोरोनाने गेलेल्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं. आक्षेप आल्यावर त्याच दिवशी ते बदललं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको म्हणून कोर्टात अर्ज गेला. २२ मे २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. मृतदेहापासून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय पुरावा नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. शेजारच्या श्रीलंकेत मुसलमानांच्या मय्यतींचं २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत सक्तीने दहन झालं. वीस दिवसांच्या बाळालाही त्यातून सूट मिळाली नाही. पण जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारने या धोरणाबद्दल माफी मागितली. आपल्याकडे परिपत्रक काही तासांत मागे घेण्याइतकी व्यवस्था जागी होती, याची कदर करायला हवी. आणि माफीने सरकार लहान होत नाही, हे श्रीलंकेकडून शिकायला हवं.

आपल्याही बाजूने हिशेब

सरकारला प्रश्न विचारायचे आणि स्वतःकडे बघायचं नाही, हे बरोबर नाही. महामारी असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग मार्चच्या त्या आठवड्यात मोठे इज्तेमे स्वतःहून थांबवायला नको होते का? गुन्हा नव्हता, हे कोर्टाने सांगितलं. पण खबरदारी कमी पडली, हे आपणच आपल्याला सांगायला हवं.

लसीचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की मुस्लिमबहुल भागांत लस घ्यायला लोक कचरतात, त्यासाठी सलमान खानची मदत घेऊ. त्या वेळी हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. व्हॉट्सॲपवर 'लस घेतली तर मूल होत नाही' हे आपणच पुढे ढकलत होतो. सरकारवर विश्वास नसण्याला कारणं असतील. पण त्या अविश्वासाची किंमत घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी का मोजावी?

चांगलंही सांगू. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने २०२० च्या रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून तिथल्या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं. पुण्यात आझम कॅम्पसने मशिदीचा एक मजला विलगीकरणासाठी देऊ केला. मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या स्वयंसेवकांनी आपल्या मय्यती तर दफन केल्याच, ज्यांचं कुणी पुढे येत नव्हतं अशा हिंदू बांधवांचे अंत्यसंस्कारही त्यांच्या रीतीने केले.

तिसरा माहितीपट: पनवेल

हे सगळं बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की ज्या माहितीपटाची आपल्याला गरज आहे तो दिल्लीत किंवा गाझियाबादमध्ये नाही, इथेच आहे. पनवेल म्हणजे नाका. मुंबईचं दार, कोकणचं दार, पुण्याचं दार. महामारीत जे जे या राज्यावर आलं ते इथून गेलं.

पहिलं दृश्य पनवेल स्टेशनचं. मे २०२० मध्ये इथूनही श्रमिक गाड्या सुटल्या. त्याआधी फॉर्म, डॉक्टरचा दाखला, रांग. आपल्या मोहल्ल्यातल्या बेकऱ्या, गॅरेज आणि बांधकामांवरची कितीतरी पोरं अशीच गेली. काही परत आली, काही नाहीच.

दुसरं दृश्य कळंबोलीचं. १९ एप्रिल २०२१, रमजानचा पहिला आठवडा. देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस त्या रात्री कळंबोलीच्या मालधक्क्यावरून निघाली. सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवलेले, जायचं होतं विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. टँकर चढवण्यासाठीचा उतार २४ तासांत बांधला गेला. वाघिणीवर टँकर चढवला की उंची वाढते, घाटातल्या बोगद्यांतून जात नाही. म्हणून गाडी वसई, सुरत असा वळसा घेऊन गेली. १,८५० किलोमीटरहून जास्त अंतर तिने सुमारे ५० तासांत कापलं. परतताना नागपूरला तीन आणि नाशिकला चार टँकर उतरले. त्याच दिवसांत, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसपेक्षा जास्त रुग्ण गेले होते. रेल्वेच्या माणसांनी जे केलं त्याला सलाम. पण प्राणवायू आणायला आधी रिकामे टँकर दीड-दोन हजार किलोमीटर का पाठवावे लागले? पहिल्या लाटेनंतरचे सहा महिने कशात गेले? कर्तबगारी आणि निष्काळजीपणा, दोन्ही एकाच धक्क्यावर उभे होते. एकच दाखवला तर चित्र अर्धं राहतं.

तिसरं दृश्य तळोजा कारागृहाचं. भिंतीआड अंतर ठेवणार कसं? पार्किन्सन झालेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी इथेच कैदेत होते. मे २०२१ मध्ये त्यांना रुग्णालयात हलवलं, तिथे ते कोरोनाबाधित निघाले आणि ५ जुलैला जामीनअर्ज प्रलंबित असतानाच गेले.

चौथं दृश्य आपल्या कब्रस्तानांचं. जनाजाला चार माणसं, दुरून दुआ, आणि नंतर दाखल्यासाठी फेऱ्या. मृत्यूच्या कारणात 'न्यूमोनिया' लिहिलं म्हणून ५० हजारांच्या मदतीचा अर्ज अडकलेली घरं आपल्या ओळखीत आहेत. ही मदतही सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला बजावल्यावर ठरली. महाराष्ट्रात आलेले अर्ज नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा जास्त भरले. न मोजलेली माणसं अर्जांच्या रूपाने परत आली, असंच म्हणावं लागेल.

हा माहितीपट कुणी बनवेल याची वाट बघू नका. आपल्या हातात मोबाइल आहे. ज्या घरातून कुणी गेलं त्या घराने मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल, दवाखान्याचं बिल एका पिशवीत नीट ठेवावं. ज्यांनी गुस्ल दिला, ज्यांनी रेशन वाटलं, ज्यांना कुणी हाकललं आणि ज्यांना कुणी जेवू घातलं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून आवाज रेकॉर्ड करावा. शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती घरांतलंही विचारावं, कारण ऑक्सिजनच्या रांगेत आपण सगळे एकाच ओळीत होतो. आणखी दहा वर्षांनी ही माणसं नसतील. मग उरेल तो फक्त वाहिन्यांचा साठा. त्यात आपण कोण म्हणून नोंदलेले आहोत, ते आपल्याला माहीत आहे.

त्या रात्री आम्ही मुलीला बसवून सगळं सांगितलं. मर्कज काय होतं, कुठे खबरदारी घ्यायला हवी होती, आरोप काय झाला आणि कोर्टाने काय म्हटलं. तिने तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या. २१ ऑगस्ट २०२०. १७ जुलै २०२५. मग विचारलं, "हे मी वर्गात सांगू?"

आम्ही म्हटलं, भांडू नकोस. आवाज चढवू नकोस. पण हो, सांग.